न विचारता घातलेले थेंब

उरलेली औषधं कुणाच्या घरात नसतात? शिवणकाम करणाऱ्या काकूंच्या घरी तर कपाटाचा अख्खा खण त्यांनी भरला होता. कुणाचं डोकं दुखो, कुणाचं पोट बिघडो, काकू खण उघडायच्या आणि हातावर गोळी ठेवायच्या. गल्लीने त्यांना 'डॉक्टरीणबाई' करून टाकलं होतं आणि काकूंना ते मनातून आवडायचंही.

त्यांचा कुत्रा गुंड्या नावालाच गुंड होता. मांजर दिसलं की काकूंच्या मागे लपायचा. एके दिवशी तो सारखी मान झटकू लागला, पायाने कान खाजवू लागला.

"आई, डॉक्टरांकडे नेऊया," मुलगी म्हणाली.

"कानच तर आहे! शेजारच्यांच्या कुत्रीला हेच झालं होतं. तिची बाटली उरलीये," असं म्हणून काकू दोन्ही कानांत थेंब सोडून मोकळ्या झाल्या.

दोन दिवस बरं गेलं. तिसऱ्या दिवशी कान आतून लालबुंद झाले.

"औषध लागू पडतंय, त्याची खूण आहे ती," काकूंनी मुलीला ठणकावलं आणि दोनाचे चार थेंब केले. पाचव्या दिवशी कानाच्या पाळीवर फोड आले, त्यांतून पाणी गळू लागलं. बाटली दिसताच गुंड्या पलंगाखाली शिरायचा. काकूंनी त्याला ओढून बाहेर काढलं, तेव्हा जन्मात कधी न गुरगुरलेला तो कुत्रा गुरगुरला. काकूंनी त्याच्या नाकावर चापट मारली.

"कृतघ्न मेला! तुझ्याच भल्यासाठी करतेय ना?"

तो मुकाट पडून राहिला. काकूंनी थेंब घातले.

आठव्या दिवशी गुंड्या तिरका चालू लागला आणि चालता चालता कलंडला. तेव्हा मात्र काकूंचं धाबं दणाणलं.

जनावरांच्या डॉक्टरबाईंनी कान तपासले, बाटली निरखून पाहिली.

"औषध वाईट नाही," त्या म्हणाल्या. "पण याच्या कातडीला ते सोसलं नाही. ही लाली, हे फोड त्या औषधाचेच. आणि तुम्ही ते वाढवत गेलात."

"पण शेजारच्या कुत्रीला तर..."

"काकू, एकाच्या मापाचा सदरा तुम्ही दुसऱ्याला शिवून देता का?"

डॉक्टरबाईंनी गुंड्याचा कान उचलून आत बोट दाखवलं.

"याच्या दोन्ही कानांचे पडदेही फाटलेत. ते न बघताच थेंब आतल्या कानात गेले, त्यानेच याचा तोल आणि ऐकणं बिघडलं. अहो, मी तपासून दिलेलं औषधसुद्धा एखाद्याला बाधतं. लाली वाढली की थांबायचं, विचारायचं. तो बिचारा सांगत होता की तुम्हाला!"

"गुरगुरून सांगत होता," काकू पुटपुटल्या. "आणि मी त्याला मारलं!"

तीन आठवड्यांत कातडी भरून आली. चालही सावरली. ऐकू मात्र पुन्हा आलं नाही. काकू हाका मारत आणि गुंड्या खिडकीबाहेर बघत बसे. मग त्या उठून त्याच्यासमोर जाऊन बसत, त्याच्या डोक्यावर हात ठेवत. "चुकलं रे माझं," म्हणत. तेही त्याला कुठे ऐकू येणार होतं!

पुढे महिनाभराने वरच्या मजल्यावरची सून तान्ह्या लेकीला घेऊन दारात आली.

"डॉक्टरीणबाई, हिचा कान ठणकतोय बहुतेक. थेंब असतील ना तुमच्याकडे?"

"नाहीत. आणि असते तरी दिले नसते," काकू मशीनवरून उठल्या. "त्या नावाने मला आता हाक मारू नकोस, बाई. थांब, चप्पल घालते. दोघी मिळून दवाखान्यात जाऊ."

वाटेत त्यांनी तिला गुंड्याची सगळी हकिकत सांगितली, चापटीसकट. सांगताना मान खाली गेली, पण काही लपवलं नाही.

वाचकहो, काकूंची माया काही कमी नव्हती. पण नुसत्या मायेने औषध कळत नाही. ज्याला बोलून सांगता येत नाही, त्याच्यावर तर आपले अंदाज मुळीच चालवू नयेत. एकाचं औषध दुसऱ्याला देऊ नका, आणि त्रास वाढताना दिसला तर हट्ट सोडून विचारा. विचारायला फार तर अर्धा दिवस मोडतो. न विचारल्याची शिक्षा गुंड्या जन्मभर भोगतो आहे, आणि त्याच्याकडे बघत काकूही.