सीडीतला पाद्री

सोमवारी गळ्याचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी आधीच सांगून टाकलं होतं, "पाळकसाहेब, आवाज जाईल." म्हणून शनिवारी रुपचंद धुळ्यातल्या कॉम्प्युटर क्लासात माईकपुढे बसले. क्लास लेकीचा, पुष्पाचा. बापाची प्रवचनं सीडीवर घालून ती गावोगावच्या मंडळींना पाठवायची. 'देव कुणाला टाकत नाही, कुंपण आपणच घातलं,' असं रुपचंद हल्ली सांगत. जुनीजाणती माणसं नाकं मुरडत.

आजची सीडी मात्र एकटीसाठी होती, पारोळ्याच्या थोरल्या बहिणीसाठी, ताईबाईसाठी. तीस वर्षांपूर्वी, बाप्तिस्म्याच्या नव्या तावात, रुपचंदांनी मायच्या चितेला अग्नी द्यायला नकार दिला होता. एकुलता एक लेक असून! वर 'ती नरकात गेली' असंही बोलले होते. तेव्हापासून ताईबाईनं भावाचा उंबरा ओलांडला नव्हता.

"बोला, बाबा."

पडद्यावर हिरवी रेघ थरथरली आणि इतक्या वर्षांची सवय उसळून वर आली. "प्रिय भगिनी, प्रभूची प्रीती अमर्याद आहे..." वीस मिनिटं बोलले. माफीसुद्धा धुतल्या, इस्त्री केलेल्या मराठीत मागितली. मायच्या जात्यापाशी शिकलेली अहिराणी बोली घशातच राहिली.

ऑपरेशनला पंधरा दिवस झाले आणि ताईबाई दारात उभी राहिली. रुपचंदांचा जीव डोळ्यांत गोळा झाला.

"मना जवाईनी ऐकाडी तुनी सीडी," ती बसलीसुद्धा नाही. "बठ्ठी ऐकी. त्यामा कोन्ही पाद्री बोली ऱ्हायना व्हता. मना भाऊ काय म्हने, ते सांग."

रुपचंदांनी तोंड उघडलं. नुसती हवा फुसफुसली. पुष्पानं लगबगीनं पाटी आणून दिली.

"माले कोठे वाचता येस, बाई? हाऊच शिकना, मिशननी शाळामा. म्हनीसन तर हाई व्हयनं!"

रुपचंदांनी पाटी खाली ठेवली. कोनाड्यातला वस्तरा काढून बहिणीपुढे धरला, आणि दुसरा हात स्वतःच्या डोक्यावरून फिरवला. मायला अग्नी देताना लेकानं करायचं मुंडण त्यांचं राहून गेलं होतं.

"आते?" ताईबाईचा आवाज चिरकला. "तीस वरीस झायात, रुपा. मायनी राख बी तापीमा वाही गयी."

ते खाली बसले. मान पुढे वाकवली.

ताईबाईनं त्यांच्या हातातला वस्तरा घेतला. मग तिनं तांब्या ओढला आणि ओल्या तळव्यानं भावाचे पांढरे केस भिजवू लागली.

"पानी थंडं शे," ती म्हणाली. "हालू नको."