प्रभाग अकराची दुसरी चिठ्ठी

तिने पत्र्याचं नळकांडं उलटं धरून तळाशी दोन थापा मारल्या. आधी धूळ आली, मग गुंडाळलेला नकाशा आला आणि नकाशाच्या पोटातून एक चपटं खाकी पाकीट टेबलावर पडलं.

"नकाशाला पिल्लू झालं," समोरचा शिपाई म्हणाला. त्याच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते आणि कशाचंही नवल वाटून घ्यायचं नाही असं त्याने ठरवून टाकलं होतं.

पाकिटावरची लाख केव्हाच भुगा होऊन गेली होती. वर फिकट शाईत लिहिलं होतं: प्रभाग ११, चौथी निवडणूक, चिठ्ठ्या नग दोन.

तिने चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला. अक्षरं तीच राहिली.

महापालिकेच्या तळघरातल्या या खोलीत ती बावीस वर्षं काम करत होती. ऑफिसात तिला सगळे रेकॉर्डबाई म्हणत. फेररचनेत बरखास्त झालेल्या सात प्रभागांची एक पुस्तिका काढायचं वर ठरलं होतं आणि ते काम अर्थातच खाली आलं होतं. साहेबांची सूचना आखीवरेखीव होती. दर प्रभागाला एक पान. निवडणुकांचा तक्ता, विजयी उमेदवार, मतं, एका ओळीचा शेरा. "आणि बाई, कादंबरी नको," हे त्यांनी दोनदा सांगितलं होतं. ते तिला ओळखून होते.

सहा प्रभाग झाले होते. अकरावा तिने मुद्दाम मागे ठेवला होता, ताटातला आवडता घास शेवटी ठेवावा तसा. ती तिथेच जन्मली आणि वाढली. प्रभाग अकराने एकूण सहा निवडणुका पाहिल्या. पहिलीत धान्याचे व्यापारी बिनविरोध आले, कारण नगरसेवकाने काय करायचं असतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यांनाही नव्हतं. दुसरीत सायकलवाला आला. तिसरीत त्याला एका वकिलाने पाडलं आणि निकालानंतर तो वकील जो गेला तो पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडला नाही. त्याच निवडणुकीत एका उमेदवाराला सात मतं होती आणि मतदार यादीत त्याच्या घरची माणसं होती नऊ. त्या घरात निकालानंतरचं जेवण कसं झालं असेल, याचा विचार करत ती एक दुपार नुसती बसून राहिली होती. पाचवी आणि सहावी नर्सबाईंनी मोठ्या फरकाने जिंकली. मग फेररचना झाली. रस्त्याच्या डावीकडचं सगळं नऊला गेलं, उजवीकडचं बाराला. अकरा नावाचं काही उरलं नाही.

राहिली चौथी. पेंटर: ११४३. नर्सबाई: ११४३. बाद मतं एकसष्ट. शेरा: समसमान, चिठ्ठीने निकाल, नर्सबाई विजयी.

पेंटर म्हणजे तिचे वडील.

एक्केचाळीस वर्षं हा शेरा तिच्या घरात घरच्या माणसासारखा वावरला होता. दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस, कोणाच्या अध्यात ना मध्यात. आईच्या हट्टापायी उभा राहिला, जिंकता जिंकता चिठ्ठीने हरला. आई दळणाला गेली तरी तेच सांगे. "फुटकं नशीब, दुसरं काय!" म्हणे आणि हातात असेल त्या डब्याचं झाकण आपटे. नर्सबाईंशी ती नंतर कधी बोलली नाही. दादाला, म्हणजे तिच्या थोरल्या भावाला, मात्र नशिबाची गोष्ट कधी पटली नाही. त्याचं म्हणणं एकच होतं. निघालेली चिठ्ठी सगळ्यांनी पाहिली. दुसरी कोणी पाहिली? तिच्यावरही नर्सबाईंचंच नाव नव्हतं कशावरून? कॉलेजात असताना तो माहिती मागणारा अर्ज लिहायला बसला होता. आईने तो कागद टराटरा फाडला. "त्या चिठ्ठीचं पुन्हा नाव काढलंस तर माझ्याशी गाठ आहे," असं म्हणून ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. आईला जाऊन सहा वर्षं झाली होती. वडील चौऱ्याऐंशीचे होते आणि पुस्तिकेबद्दल त्यांनी इतकंच विचारलं होतं, की छपाई कोणत्या टायपात आहे.

दादा मात्र महिनाभर रोज फोन करत होता. "मिळाली का?"

असली पाकिटं तीन वर्षांनी जाळून टाकायचा नियम होता. हे वाचलं, कारण कोणीतरी ते नकाशात गुंडाळून विसरून गेलं. सरकारी खात्यातला विसराळूपणा हाच इतिहासाचा खरा रक्षक, असं तिचं बावीस वर्षांचं मत होतं.

वर जाऊन ती साहेबांची परवानगी घेऊन आली. हात धुतले, पुसले. मग सुरीच्या टोकाने पाकिटाचं तोंड उघडलं.

पहिली चिठ्ठी उलगडली. नर्सबाईंचं नाव. ही निघालेली, कारण तिच्यावर अधिकाऱ्याने वेळ घालून सही केली होती.

दुसरी उलगडताना तिच्या छातीत धडधडायला लागलं. या वयात, एका कागदाच्या कपट्यासाठी, याची तिला जरा लाजही वाटली.

नर्सबाईंचं नाव.

"दादा रे," ती मोठ्यानेच म्हणाली.

"काय झालं?" शिपायाने विचारलं.

"काही नाही. चोरी झाली होती."

"कधी?"

"एक्केचाळीस वर्षांपूर्वी."

"मग आता पोलिसांना कळवून उपयोग नाही," असं म्हणून तो चहाला गेला.

तिला राग आला, खरा राग. तो राग इतका जुना आणि वापरातला होता, की कुठे ठेवलाय ते शोधावंही लागलं नाही. तिने फोन हातात घेतला, दादाचा नंबर काढला आणि चिठ्ठीकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग फोन खाली ठेवला.

बाकीची माणसं आधी अक्षरं लिहितात आणि मग वर रेघ ओढतात. पेंटरचं उलटं असतं. आधी रेघ ओढायची, मग कपडे वाळत घालावेत तशी तिला अक्षरं टांगायची. म्हणून दोन्ही चिठ्ठ्यांवर रेघ नावाच्या पुढे बोटभर रिकामी गेली होती. आणि शेवटचा काना खाली येऊन डावीकडे किंचित वळला होता. हे वळण तिने किराणा दुकानावर पाहिलं होतं, केशकर्तनालयावर, पिठाच्या गिरणीवर, शाळेच्या फाटकावर. नर्सबाईंच्या प्रचाराच्या भिंतींवरसुद्धा पाहिलं होतं, कारण त्याही वडिलांनीच रंगवल्या होत्या. धंदा तो धंदा. "निदान तिचं नाव जरा वाकडं तरी काढा," आई म्हणाली होती. "वाकडं मला येत नाही," वडील म्हणाले होते.

तिने दोन्ही चिठ्ठ्या टेबलावर सरळ केल्या. मग पुस्तिकेसाठी प्रत्येक कागदाचे काढत होती तसे चारही बाजूंचे फोटो काढले. पुढच्या, मागच्या, हाताच्या सवयीने. डोळ्यांपुढे अजून ते डावीकडचं वळणच होतं. अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि निघाली.

वडील खिडकीशी बसून जुन्या ब्रशचे केस विंचरत होते. आता ते रंगवत नसत, पण ब्रश विंचरत.

"लवकर आलीस?"

"बाबा, निकालाच्या दिवशीची गोष्ट सांगा ना. पुस्तिकेसाठी."

"शंभरदा ऐकलीस की."

"चिठ्ठ्या लिहिल्या कोणी, ते कधी ऐकलं नाही."

ब्रश थांबला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या पर्सकडे.

"सापडल्या वाटतं," ते म्हणाले.

"दोन्ही."

"जाळत नाहीत का त्या?"

"नकाशात राहून गेल्या होत्या."

"बघ म्हणजे," वडील म्हणाले. त्यांच्या आवाजात भीती नव्हती. पत्ता चुकलेलं पत्र उशिरा दारात यावं, तसं काहीसं कुतूहल होतं. "कागद पिवळा पडला का गं? शाई कशी राहिलीय?"

"शाई उत्तम आहे. बाबा, तुम्ही हे काय केलंत?"

त्यांनी ब्रश नीट रांगेत ठेवले.

"अधिकाऱ्याचा अंगठा मतपेटीच्या झाकणात चेमटला होता. पट्टी बांधलेली. तो म्हणाला, कोणीतरी लिहा. नर्सबाईच म्हणाल्या, पेंटरना लिहू दे, वाचता तरी येईल. लोक हसले. मी कोपऱ्यातल्या टेबलाशी गेलो, लिहिल्या, घड्या घातल्या, डब्यात टाकल्या. मोजणीवरच्या एका मास्तरणीने डोळे मिटून एक काढली."

"ते कळलं. पण का?"

"तीनदा मोजणी झाली त्या दिवशी. दुसऱ्या आणि तिसऱ्या मोजणीच्या मधे एक बाई धावत आली. तिच्या सुनेला कळा सुरू झाल्या होत्या. नर्सबाई उठल्या आणि गेल्या. निकाल राहिला बाजूला. दोन तासांनी आल्या, बाह्या कोपरापर्यंत ओल्या. मुलगी झाली म्हणाल्या. आणि मग विचारलं, आपलं काय झालं?"

त्यांनी रांगेतला एक ब्रश उगाच सरळ केला.

"त्या दोन तासांत मी काय करत होतो, ठाऊक आहे? फळ्यावर आकडे लिहीत होतो. अधिकाऱ्याचे बरे येईनात, म्हणून मीच खडू मागून घेतला. फार सुरेख आले होते आकडे. मागे सरून बघितले आणि मनात म्हटलं, पेंटर, तुझं काम हे आहे. लोकांनी तुला मत दिलंय ते तुझं नाव त्यांच्या पाट्यांच्या कोपऱ्यात रोज दिसतं म्हणून. त्या बाईला दिलंय ते ती त्यांच्या घरात गेलीय म्हणून."

"मग सरळ माघार घ्यायची."

"तुझी आई तिथे बसली होती. सहा महिने दारं झिजवली होती तिने माझ्यासाठी. माझी प्रतिनिधी म्हणून सकाळपासून उपाशी बसलेली, एक एक मत डोळ्यांत तेल घालून बघत. तिच्यासमोर उठून म्हणू, की मला नकोच होतं? तेवढी छाती नव्हती माझी. म्हणून नशिबावर ढकललं. नशीब बिचारं उलटून बोलत नाही."

तिला हसू आलं. ती उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली.

"दादाला काय सांगू? तो अजून नर्सबाईंच्या नावाने बोटं मोडतोय."

"खरं ते सांग. माझ्या नावाने मोडू दे." मग हलक्या आवाजात म्हणाले, "तुझ्या आईला कळलं नाही, तेवढं बरं झालं. नशिबाला शिव्या देत गेली, पण मला नाही. मीच केलंय हे कळलं असतं, तर तिने माझं तोंड पाहिलं नसतं."

"निघाली नाही ती चिठ्ठी नंतर कोणी उचलली?"

"कोण जाणे. नर्सबाईंचं नाव वाचलं आणि सगळा लोंढा बाहेर पडला, त्यात मीपण. तुझी आई मागाहून आली. काहीतरी सह्या राहिल्या होत्या म्हणाली. हरलेल्याच्या प्रतिनिधीला कराव्या लागतात."

तिने हळूच पर्स उघडली. फोन काढला. दुसऱ्या चिठ्ठीचा फोटो लावला आणि बोटाने पुढे सरकवला. मागची बाजू.

तिथे आईची सही होती.

ती सही तिने शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर दहा वर्षं पाहिली होती. लग्नानंतर वडिलांनीच आईला पाटीवर गिरवून शिकवलेली; आधी रेघ, मग अक्षरं. पण आईची रेघ कधी सरळ आली नाही. ती नेहमी डोंगर चढायची आणि अक्षरं मागून धापा टाकत यायची. वडील चिडवायचे, आई पेन्सिल फेकायची.

सहीच्या वर आईनेच लिहिलं होतं: चिठ्ठी उघडून पाहिली. तक्रार नाही.

झाकणांची ती आपटाआपट तिला एकाएकी नीट ऐकू आली. फाडलेला अर्जही आठवला. एका बाईने पस्तीस वर्षं गल्लीभर नशिबाला शिव्या दिल्या होत्या, त्या दुसऱ्या चिठ्ठीची आठवण कोणाला होऊ नये म्हणून.

"बाबा," ती म्हणाली, "हे बघा."

त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला, मग लांब, मग भिंग मागितलं. तिने ते शोधून दिलं. त्यांनी ती दोन वाक्यं वाचली, पुन्हा वाचली. मग भिंग सहीवर आणलं आणि त्या रेघेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवलं. पाटी तपासताना फिरवायचे तसंच.

फोन वाजायला लागला. पडद्यावर दादाचं नाव आलं आणि सही दिसेनाशी झाली. वडिलांनी तो तिच्या हातात न देता तसाच धरून ठेवला, वाजून थांबेपर्यंत. सही परत आली.

"अगं, सरळ आलीय," ते म्हणाले. "बघ ना. हात जरासुद्धा हलला नाही तिचा."