तुटक्या दाताची साक्ष

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. पुरता दरवाजाही नव्हे, तबेल्यातल्या एका खणाचा खालचा अर्धा भाग. पण सागाचा आहे, एवढाच काय तो माझा तोरा.

तुम्ही घोडा जवळून पाहिला आहे का? मी बावीस वर्षे पाहतोय, तरी अजून छाती दडपते. शर्यतीहून परतलेला घोडा मला टेकून उभा राहतो, तेव्हा त्याच्या काळजाचे ठोके माझ्या लाकडात उतरतात.

एकदा शेजारच्या राज्यातून एक गाभण घोडी आली. तिचा पुढचा एक दात तुटका होता, आणि खोड अशी की दिवसभर माझी कड कुरतडायची. घोड्यांची निगा राखणारे मोतद्दारकाका ओरडायचे, "अगं बये, चंदी कमी पडते का तुला? दार खातेस ते!" मालकीणबाईंनी तर सुताराला सांगूनही ठेवले होते की हे दार बदला.

आमच्या राज्याचा एक नियम आहे. विण्याआधी घोडी सहा महिने इथेच राहिली आणि शिंगरू इथेच जन्मले, तर ते इथले. मग राखीव शर्यती त्याला खुल्या आणि सरकारची मदतही मिळते. त्या मदतीवरच आमचा छोटा तबेला तग धरून होता.

एका पहाटे शिंगरू जन्मले. ओले, थरथरणारे. चार वेळा पडले, पाचव्यांदा उभे राहिले. तासापूर्वी जे जगात नव्हते, ते माझ्याकडे टकामका बघत होते! मी थक्क झालो.

दुपारी सरकारी डॉक्टर तपासणीला आले.

"घोडी आल्याची खबर आमच्याकडे पोचलीच नाही."

काकांची पाचावर धारण बसली. खबरेचा कागद टपालात टाकायचा राहून त्यांच्या कोटाच्या खिशातच पडला होता. त्यांनी तो काढून दिला.

"कागद काय, कालही लिहिता येतो," डॉक्टर म्हणाले. "शिंगरू इथलं धरता येणार नाही."

बाईंनी तो कागद पुन्हा त्यांच्यापुढे धरला. डॉक्टर जायला वळले, पण माझ्यावर हात ठेवताच थांबले. माझी कड त्यांनी बोटांनी चाचपली. मग घोडीचे तोंड उघडून पाहिले.

"प्रत्येक चाव्यात याच दाताची फट आहे. या टोकाचे व्रण काळे पडलेत, त्या टोकाचे ताजे. चार बोटं लाकूड गेलंय, बाई. हे सहा महिन्यांच्या आत व्हायचं नाही."

आणि त्यांनी सही केली. काका माझ्यावर डोके टेकून रडले.

ते शिंगरू पुढे राखीव शर्यतीत धावले, तबेलाही टिकला. सुतार आला तेव्हा बाईंनी त्याला चहा पाजून परत पाठवले.

मित्रांनो, जुने दार जरूर बदला. पण त्याआधी एकदा त्याच्यावरून हात फिरवा.