काटा उतरेपर्यंत

"भागोजीदादा, इथं नख फिरव."

महिपतीने जीपच्या इंजिनचं हेड, म्हणजे वरचं जड झाकण, काढून, धुऊन, बाकावर उलटं ठेवलं होतं. भागोजीने अंगठ्याचं नख दोन व्हॉल्व्हच्या मधून ओढलं. ते मध्येच अडकलं.

"एवढीशीच भेग?"

"एवढीशीच पुरते. आता खरं सांग, खिंडीत पाणी ओतलंस ना?"

भागोजीने भेगेवरचा हात मागे घेतला. म्हणजे ओतलंच होतं. ओतणार नाही तर काय! त्याची वाडी वरंधच्या पुढे, खिंडीपलीकडे. वाडीतून महाडला यायचं तर आधी ती खिंड चढायची, मग उतरायची. माथ्यावर काळकाईचं ठाणं आणि शेजारी झरा. देवीसमोर गाडी घुरघुरत ठेवायची नाही, इंजिन बंद करून हात जोडायचे, आणि झऱ्याचं पाणी आधी देवीला, मग गाडीला. भागोजीच्या बापाने जन्मभर हेच केलं आणि जुन्या जीपने ते मुकाट सोसलं. ही जीप टर्बोची. चढाने लाल झालेलं इंजिन फटकन बंद केलं की टर्बोतलं तेल जळतं, आणि तापल्या लोखंडात गार पाणी गेलं की हेड तडकतं. महिपतीने हे सांगून सांगून तोंडाला फेस आणला होता. पण काळकाईपुढे बिरवाडीच्या मेकॅनिकला विचारतो कोण!

"नवीन हेडच घालायला पाहिजे. पुण्याहून मागवतो. पण आठवडा जाईल."

"आठवडा?" भागोजी खाली बसला. "उद्या राहीला महाडला न्यायचीय रे. मागची मशीनची पाळी चुकली, गाडी खिंडीत मेली म्हणून. पाय बघ तिचे, नुसते फुगलेत. आडवी झाली की जीव घाबरतो. रात्रभर भिंतीला टेकून बसून असते."

राहीबाई त्याची बायको. दोन्ही मूत्रपिंडं गेलेली, आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुऊन घ्यावं लागे. त्यावरच ती जगत होती.

"दुसरी गाडी नाय कुणाची?"

"वाडीत म्हातारी माणसं उरलीत आणि माझी जीप. ॲम्ब्युलन्स मागे बोलावली, ती रस्ता बघून खिंडीच्या खालूनच परत गेली. बिरवाडीतला एक गाडीवाला विचारला, तो बोलला, वर घालणार नाय." त्याने महिपतीचा हात धरला. "कायतरी कर. उद्याच्यापुरतं कर."

महिपतीला नाही म्हणायचं होतं. भेग भरून घेतलेलं हेड सपाटीवर चालेल, पण त्या चढावर? अर्ध्या खिंडीत फुटलं तर बाई तिथेच अडकेल, ना इकडे ना तिकडे. आणि गाडीच केली नाही तर ती घरातच अडकलेली. काय करणार माणूस?

"वेल्डिंग करून घेतो," तो म्हणाला. "पण ठिगळ हाय ते दादा. मी खात्री देणार नाय."

महाडच्या लेथवाल्याकडून त्याने भेग भरून आणली, हेड घासून सपाट केलं, नवं गॅस्केट घातलं. बोल्ट मधल्यापासून कडेच्यापर्यंत, थोडे थोडे करत आवळले. पुन्हा तपासले. मग चावी फिरवली. इंजिन पहिल्याच फटक्याला सुरू झालं आणि आवाज इतका स्वच्छ आला की महिपतीला तो खरा वाटेना. ठिगळाचं इंजिन कुठेतरी कुरकुरायला हवं होतं.

"आता शपथ घे," तो म्हणाला. "खिंडीत इंजिन बंद करायचं नाय. इंजिन तापल्याचा काटा लालकडे गेला की हाय तिथं थांबायचं. इंजिन हळू चालू ठेवायचं आणि काटा आपसूक उतरेपर्यंत पुढं हलायचं नाय. झरा समोर असला तरी पाण्याचा थेंब घालायचा नाय."

"नाय घालत."

"असं नाय. वहिनींची शपथ घे."

"तिची कशाला?"

"तिचीच घे. तू दुसरी कुठली पाळायचा नाहीस."

भागोजीने गळ्याला हात लावला, शपथ घेतली आणि जीप घेऊन वाडीला परतला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून महिपतीचं कामात लक्ष नव्हतं. कंपन्यांच्या बसगाड्या कामगार भरून गेल्या. जीप यायची वेळ टळली. भागोजीचा फोन लागेना. खिंडीत रेंज कुठली! पुढ्यातला पाना बघत तो उगाच उभा राही.

"सारखं रस्त्याकडे काय बघताय?" त्याची बायको तुळसा चहा ठेवून म्हणाली. "तुम्ही काम चोख केलंत ना?"

"केलं गो."

"मग?"

मग काय, ते त्यालाही सांगता येईना. चहावर साय धरली. शेवटी मोटारसायकल काढून खिंडीकडे निघावं म्हणून त्याने किक मारली, तोच वळणावर जीप दिसली. भागोजी नेहमी हॉर्न वाजवी, हात करी. आज त्याने मान वळवली नाही. जीप भरधाव महाडकडे गेली.

"टिकलं! तुळसा, ठिगळ टिकलं!" महिपती ओरडलाच. "दे, आता गरम चहा दे!"

त्या आनंदात त्याने अडून बसलेला एक ट्रॅक्टरही चालू करून दिला. जीप महाडहून परत आली तेव्हा मात्र तो चमकला. मशीनवर चांगले चार तास जातात. ही फार लवकर आली होती. ती गॅरेजसमोर थांबली. इंजिन चालूच होतं.

"पाणी बघ जरा," भागोजी म्हणाला. "परत खिंड चढायचीय."

"एवढ्यात झालं? वहिनी कशा हायेत?"

त्याने आत डोकावलं. मागच्या लांब सीटवर राहीबाई आडवी होती, आणि दवाखान्याची चादर तोंडावरून ओढलेली होती.

महिपतीने दार धरलं.

"खिंडीत काटा चढला," भागोजी समोर बघत सांगू लागला. "देवीच्या समोरच. थांबलो, तू सांगितलं तसं. ती बोलली, 'अवो, घाला ना पाणी, जाऊ या, मला धाप लागलीय.' मी बोललो, 'थांब गो थोडी. तुझी शपथ घेतलीय.' काटा उतरायला लय वेळ लागला रे. उतरला तशी गाडी काढली. तेव्हा ती बोलायची बंद झाली होती. महाडला डॉक्टर बोलले, वाटेतच गेली."

महिपतीने दारावरचा हात काढला नाही.

"हेड मात्र टिकलं हां तुझं," भागोजी म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, आणि तेच महिपतीला सोसवलं नाही. तो हमसून रडला.

मग त्याने हात पुसले, तुळसाला गॅरेज बंद करायला सांगितलं आणि भागोजीच्या शेजारी बसला.

भागोजीने सबंध चढ पहिल्या गिअरमध्ये काढला. "आता कसली घाई हाय," एवढंच तो एकदा म्हणाला. माथ्यावर ठाण्यासमोर त्याने जीप थांबवली आणि स्टिअरिंगवरचे हात जोडले. इंजिन घुरघुरत राहिलं. शपथ अजून त्याच्या गळ्यात होती.

महिपतीने हात लांब केला आणि काट्याकडे न बघता चावी फिरवली.

खिंड एकदम गप्प झाली. झऱ्याचा आवाज ऐकू यायला लागला. भागोजी उतरला, झऱ्यापाशी वाकला. पहिली ओंजळ त्याने देवीला वाहिली. दुसरी सांडू न देता तो हळूहळू गाडीच्या मागे, राहीबाईपाशी आला, आणि महिपतीने त्याच्यासाठी दार उघडून धरलं.