तळाची ओळ

"पार कडेपर्यंत रंगव गं. पांढरं काही सोडू नकोस. आजोबांचं जग मुलांच्या बोटांना लागलं पाहिजे!"

हा आवाज माझ्या लेखकाचा. आपल्या धाकट्या बहिणीला, म्हणजे माझ्या चित्रकर्तीला, तो असे सांगत असे. मित्रांनो, मी एक जुने चित्रचरित्र आहे. एका म्हाताऱ्या विचारवंताचे आयुष्य माझ्या पानापानांत चौकटी-चौकटींनी मांडले आहे. त्या आजोबांचे विचार तसे जड. पण बहिणीने ते डोळ्यांना दिसतील असे काढले. आजोबांना शंका आली, की एक मांजर त्यांच्या खांद्यावर येऊन बसे आणि उत्तर सापडेपर्यंत हलत नसे. न्याय म्हणजे काय, हे सांगताना ते कलिंगड कापत आणि कापणाऱ्याने शेवटची फोड घ्यायची, असा नियम घालत.

शेवटच्या पानावर आजोबा आपल्या दुरावलेल्या मित्राच्या बंद दारात मान खाली घालून उभे आहेत. वर ठळक अक्षरांत लिहिले आहे, 'मी जन्मभर विचार केला.' आणि अगदी तळाशी, गवतात, त्यांच्या जोड्यांपाशी मुंगीएवढी अक्षरे होती: 'पण तुझं बरोबर होतं. मी चुकलो. मला क्षमा कर.'

"एवढी बारीक का काढलीस?" लेखकाने विचारले होते.

"दादा, असं कुणी ओरडून म्हणतं का? मान खाली घालूनच म्हणतात. मग शब्दही खालीच पडणार ना!"

"हरलो बाई," तो हसून म्हणाला.

पुढे मी एका वाचनालयात आले. काय माझे लाड झाले म्हणून सांगू! मुले दोघेदोघे मिळून मला मांडीवर घेऊन बसत. "थांब ना, मांजर बघू दे!" म्हणून भांडत. वाचून वाचून माझी शिवण उसवली, कोपरे दुमडले, कडा फाटल्या. तेव्हा मला बाइंडरकाकांकडे पाठवले.

काकांचा हात मोठा स्वच्छ. त्यांनी मला नव्याने शिवले, खळ लावली, जाड पुठ्ठा चढवला. मग कटिंग मशीनमध्ये ठेवून, दर पुस्तकाच्या कापतात तशा, माझ्या कडा बोटभर कापल्या. नुसत्या अक्षरांच्या पुस्तकाला चहूबाजूंनी कोरी जागा असते. पाते तिथून निघून जाते, कुणाला काही दुखत नाही. माझ्यात कोरी जागाच नव्हती. "झालं चकाचक!" म्हणत काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. आजोबांनी मागितलेली क्षमा काकांच्या पायाशी कातरणात पडली होती. देवाने मला चित्रे दिली, तोंड दिले नाही.

त्यानंतर माझ्या शेवटापाशी मुले अडखळू लागली.

"हे काय? दारात उभे राहिले आणि संपलं?"

"पुढची पानं उंदरांनी खाल्ली असतील!"

हळूहळू मी खालच्या फळीवर, जाडजूड नकाशांच्या मागे गेले. धूळ बसली. तिथून मला एका मुलीने काढले. प्रत्येक गोष्टीत वाद घालते म्हणून घरचे तिला वकीलबाई म्हणत. तिने मला घरी नेले.

त्या घरात अबोला होता. वकीलबाईचे बक्षिसाचे पेन हरवले, तेव्हा तिने मैत्रिणींसमोर ताईला चोर म्हटले होते. पेन पुढे तिच्याच दप्तराच्या अस्तरात निघाले. आता ताई शिकायला गावाच्या दुसऱ्या टोकाच्या वसतिगृहात निघाली होती.

"अगं, ती जायच्या आत माफी माग," आई म्हणाली. "जीभ झिजणार आहे का?"

वकीलबाईने माझे शेवटचे पान उघडून आईपुढे धरले. "हे बघ. एवढे मोठे विचारवंत, मित्राच्या दारापर्यंत गेले. माफीचा एक शब्द तरी आहे का कुठे? मी पण ताईच्या खोलीपर्यंत जाऊन आले. झालं!"

"वा गं वा! पुराव्यासकट!"

आतल्या खोलीत बॅगेची चेन लागल्याचा आवाज आला. "आई, येते," ताई म्हणाली. फक्त आईला. मित्रांनो, तो पुरावा मी होते. ज्या ओळीसाठी मला घडवले, तीच माझ्यात नव्हती, आणि नेमकी त्या मुलीला तीच हवी होती.

वकीलबाई मला परत करायला आली, त्या दिवशी एक पांढऱ्या केसांच्या बाई मलाच शोधत आल्या होत्या. माझी चित्रकर्ती! भाऊ वारला होता. त्याचे हे पुस्तक एकदा पाहावे म्हणून आल्या होत्या. शेवटच्या पानावर त्यांचे बोट तळाशी जाऊन थांबले.

"इथली ओळ कुठे गेली?"

फाटक्या पुस्तकांचा गठ्ठा न्यायला आलेले बाइंडरकाका पुढे झाले. "कड फाटली होती बाई, मी कापली. चित्राच्या तळाला काय असणार, म्हटलं, गवतबिवत!"

"त्या गवतात माझ्या दादाचं वाक्य होतं हो."

काकांनी चष्मा काढला. "पट्टी जोडून देतो. पण ती अक्षरं..."

"माझा हात आता कापतो," बाई म्हणाल्या.

"कोणतं वाक्य?" वकीलबाईने विचारले. बाईंनी ते सांगितले, तसेच, खालच्या आवाजात.

"म्हणजे त्यांनी माफी मागितली होती?"

"त्यासाठीच तर गेले होते, बाळ."

"मी ताईला उलटंच सांगितलं. म्हणजे... तिला ऐकू जाईल असं आईला सांगितलं."

बाई हसल्या नाहीत. "मग आता खरं सांगशील?"

"सांगीन. आजच. शब्द देते."

मित्रांनो, पुस्तके जपा, असे तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढेच विनवते, की आमची फाटकी कड कापण्याआधी ती वाचून पाहा. पट्टी जोडली जाईल, अक्षरेही कुणी काढील. पण ताई निघाली त्या दिवशी ती ओळ तिथे नव्हती, याला आता कुणाकडेच खळ नाही.

वकीलबाईने दुसरे पुस्तक घेतले नाही. दारात चपला घातल्या, ओठांतल्या ओठांत काही म्हणून पाहिले, आणि घराची वाट सोडून ती वसतिगृहाच्या रस्त्याला लागली.