जोडघरांमागचं अंगण

नायजेरियातल्या अबेओकुटा शहराच्या उतारावरच्या आठ जोडघरांचा नकाशा आर्किटेक्ट मोरेनिकेने आठ महिने खपून काढला होता. दोन घरांत एक सामाईक भिंत आणि प्रत्येक जोडीमागे मोकळं अंगण. अंगण अशासाठी, की त्या जागेवर पूर्वीपासून राहणाऱ्या बायका कापड निळीत रंगवायच्या. रांजणांना सावली हवी, रंगाचं पाणी विहिरीपासून लांब जायला हवं, हे तिला त्या बायकांतल्याच एका म्हातारीने, सिकिराच्या आईने, शिकवलं. म्हातारीने तिला आमाला, म्हणजे कंदाच्या पिठाचा उकडलेला गोळा, आणि भेंडीचा रस्सा खाऊ घातला, स्वतः पावलं टाकत अंगण मोजून दिलं. मग जागा सोडायच्या कागदावर अंगठा उठवताना म्हणाली, "तुझ्या शब्दावर देतेय हं."

पुढे मोरेनिके आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी दोन आठवडे इबादानला गेली. परतली ती थेट साइटवर. पायाचे चर खणून झाले होते. अंगणांच्या जागी घरांची आणखी एक रांग आखलेली. मुकादमाने नकाशा पुढे धरला. कोपऱ्यात तिचाच शिक्का होता.

तिचा भागीदार गबोलाहान ऑफिसात चहा पीत बसला होता. कॉलेजपासून दोघांनी एकाच टेबलावर रेघा ओढल्या होत्या.

"अंगणं कुठं गेली, गबोला?"

"मालकाला आणखी चार जोड्या हव्या होत्या. म्हटलं, तू दवाखान्यात, कशाला डोक्याला ताप."

"आणि माझा शिक्का?"

"ड्रॉवरमध्ये होता."

"विचारायचंस तरी!"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस," तो शांतपणे म्हणाला. "पंधरा वर्षं ओळखतो तुला."

तिला शिक्क्यापेक्षा हे जास्त लागलं. आपल्याला इतकं ओळखणाऱ्याने त्या ओळखीचा असा उपयोग करावा!

हा नकाशा माझा नाही, असं तिने मंजुरी देणाऱ्या कचेरीला लिहून कळवलं आणि भागीदारी मोडली. काम सहा आठवडे थांबलं. मग त्याच नकाशावर दुसऱ्या कुणाचा तरी शिक्का बसला आणि भिंती चढू लागल्या.

सिकिराची आई लेकीकडे राहायला गेली होती. मोरेनिके दारात गुडघे टेकून बसली.

"आई, गबोलाहानने माझ्या पाठीमागे..."

"हा कोण गबोलाहान?" म्हातारीने मध्येच विचारलं. "मी त्याला जन्मात पाहिलेलं नाही, पोरी. माझ्या चुलीपुढे बसून जेवलीस ती तू."

मलाही फसवलं गेलं, हे मोरेनिकेच्या ओठांवर आलं होतं. या दारात ते सांगायची सोय नव्हती.

"ऊठ," म्हातारी म्हणाली. "सिकिरा यायची वेळ झाली. ती माझ्याइतकी गप्प बसायची नाही."

मोरेनिके उठली, गुडघ्यांची माती न झटकताच पायऱ्या उतरली.