बमर म्हणजे बिमार नाही

शनिवारी शाळेचं गॅदरिंग. समीक्षा नाचात पहिल्या रांगेत होती आणि तिचा बाप गोपाल चाकणच्या कंपनीतून ते पाहायला गावी, चिखलीला येणार, म्हणून पोरीनं आठवडाभर घर डोक्यावर घेतलं होतं. गुरुवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. साहेब सुट्टी देत नव्हते.

अनुपमानं फोन स्पीकरवर ठेवला आणि पोरीकडे पाहत राहिली. आता ही फरशीवर लोळणार. पण सहा वर्षांची समीक्षा एवढंच म्हणाली, "बमर." आणि पायातले घुंगरू सोडायला बसली.

भाजी निवडणाऱ्या सासूबाईंना, गीताबाईंना, एका कानानं कमीच ऐकू यायचं. "आरे गोपाल, पोरगी बिमार आहे म्हनते," त्या फोनकडे तोंड करून ओरडल्या.

"काय झालं तिले?"

"काही नाही हो," अनुपमा घाईनं म्हणाली. "बमर म्हणाली ती. कार्टूनमधलं इंग्रजी आहे."

तिनं त्याचा अर्थ मोबाइलवर पाहून ठेवला होता. बारीकशी निराशा. आइस्क्रीम संपलं, सहल रद्द झाली, की म्हणायचं. बाप येत नाही तेव्हा काय म्हणायचं, ते तिथं दिलेलं नव्हतं.

गोपाल हसला. "पाह्य, इंग्रजी झाडून राह्यली मही पोरगी." मग त्याचा आवाज खाली आला. "पन अनुपमा, पोरगी बिमार असन तर सायेब नाही म्हनत नाही. तुले फोन करतीन ते. तू फक्त हो म्हन."

"म्हन ना मंग," गीताबाई म्हणाल्या. "जीभ झडते काय वं?"

मागच्या श्रावणात डेंग्यूनं समीक्षा दहा दिवस सलाइनवर होती. वास्तू तथास्तु म्हणते, यावर अनुपमा कॉलेजात मैत्रिणींसोबत हसायची. आता मात्र तो शब्द तिला घरात नको होता.

"बरी आहे ती," ती म्हणाली.

"हाव. ठीक आहे."

फोन ठेवून ती वळली तर समीक्षा जागेवर नव्हती. आतल्या खोलीत, एवढ्या उकाड्यात, गळ्यापर्यंत गोधडी ओढून पडली होती. अनुपमानं कपाळाला हात लावला. गारच होतं.

"आई," पोरगी डोळे मिटूनच म्हणाली, "ताप किती वेळात येते?"